नागुभटाचा दगड

मला वाटलं होतं, सावरमाळावर एखादी पडकी वेधशाळा तरी असेल. दगडी यंत्रं, निदान एक शिलालेख. सापडला तो उघड्या माळावरचा लाकडी खांब आणि त्याच्या उत्तरेला शेंदूर फासलेला एक दगड.

परदेशात खगोलशास्त्र शिकून मी नुकतीच परतले होते. या मुलखातल्या पहिल्या ज्योतिर्विदाची, नागुभटाची खूण कायमची पक्की करायची, या ध्यासाने दगडाभोवती सिमेंटचा चौथरा बांधायला दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला होता. दगडाची पूजा करणारे म्हातारे गेनूबाबा खुशीत होते.

"बांधा ताई. शेळ्या अंग घासत्यात त्याला."

मग त्यांनी हकिकत सांगितली.

फार पूर्वी नागुभट हा गावचा जोशी होता म्हणे. सूर्य उत्तरेकडे कधी वळतो हे पोथीत नव्हे, आभाळात पाहावं, असं इथे प्रथम तोच म्हणाला. रोज दुपारी तो खांबाची सावली मोजी. सावली सर्वांत लांब पडेल तो सूर्य वळण्याचा दिवस. एके वर्षी त्याने तो दिवस जाहीर केला. सावलीच्या टोकाशी पाटलांनी दगड बसवला, पूजा केली. पण पुढच्या दिवसांत सावली दगडाच्या चार बोटं पुढे गेली. ते दिसलं फक्त नागुभटाला. गप्प राहिला असता तर जोशीपणाचं वतन टिकलं असतं.

त्याने गाव गोळा केलं, चूक सांगितली आणि दगड उचलायला वाकला.

"बसवलेला देव हलवतोस?" पाटील संतापले.

"देव नाही, माझी चूक हलवतोय."

वतन गेलं. नागुभट खांबाशीच झोपडी बांधून राहिला, सावली मोजत राहिला. पुढे त्याने सांगितलेलं ग्रहण नेमकं लागलं, तेव्हा पाटील स्वतः माळावर आले, असं सांगतात. वतन परत देऊ लागले. त्याने ते घेतलं नाही. एवढंच मागितलं, की दर वर्षी सावली पाहा आणि माझा दगड चुकत असेल तर सरकवा.

आजही वर्षातला सर्वांत लहान दिवस आला की गाव इथे जमतं. खांब झिजलेला असतो, माती खचलेली असते. सावली सांगेल तिथे दगड नेतात आणि मगच त्याला शेंदूर लावतात.

"मग चौथरा बांधल्यावर काय करणार?" मी विचारलं.

गेनूबाबांनी खांबावर हात टेकला. "खांब हलवू की," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

सकाळी गवंडी सिमेंट घेऊन आला. मी त्याला तसाच परत पाठवला. गेनूबाबा कुरकुरले, तेव्हा त्यांना सांगितलं, की येत्या डिसेंबरात दगडाची एक बाजू मी धरणार आहे.