घाटासाठी इंजिन

माणसांच्या मोडक्या गाड्या जंगलात येऊन पडू लागल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात खालचा झरा आटत आला. धडधाकट प्राणी वरच्या पठारावर पाण्यापाशी निघून गेले. तीन म्हाताऱ्या सशांना मात्र घाट चढवेना. सगुणा साळिंदरीण म्हणाली, "यांना टाकून मी जायची नाही." तिने भंगारातले पाइप जोडून गाडीचा सांगाडा उभा केला. आता राहिलं होतं फक्त इंजिन.

"मला घे, डोंगर हादरवीन!" ट्रकचं इंजिन गरजलं. सगुणाला मोह पडला. ओंडक्यांवरून ढकलत तिने ते सांगाड्यावर चढवलं, तर पाइप मधोमध वाकले. पठारावरून गंमत बघायला खाली आलेलं एक माकड झाडावरून खो खो हसलं. सगुणाने इंजिन उतरवलं, दोन दिवस ठोकून पाइप सरळ केले आणि पुन्हा भंगार धुंडाळायला गेली.

तिथे रिक्षाचं एक इंजिन पडलं होतं. "घाट चढशील?" तिने विचारलं.

"आधी सांग, ओझं किती?"

"तीन म्हातारे आणि मी."

"चढेन, पण सावकाश. दामटलंस तर तापेन."

सगुणाला हायसं वाटलं. तिने तेच बसवलं.

गाडी फटफटत घाटाला लागली. माकड ओरडलं, "अगं, चालत गेली असतीस तर एव्हाना पोचली असतीस!"

"मी पोचले असते रे," सगुणा म्हणाली, "पण हे तिघे?"

तिसऱ्या प्रहरी तिन्ही ससे पाण्याला तोंड लावून बसले होते.