हललेला चेहरा

जिथे नदी दोनदा वळून पुन्हा आपल्या वाटेला लागते, त्या वळणावरच्या गावात पूर्वी एक चित्रकार राहायचा. फोटोवरून माणसाचं चित्र काढावं तर त्यानेच, असं आसपासच्या गावांत म्हणत. पापणीचा केस न् केस, कानाच्या पाळीवरची सुरकुती, सगळं जसंच्या तसं. एकदा गावचा न्हावी पाटलांच्या चित्रापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "पाटलांना सांगा, उजव्या गालावर खुंट राहिलेत. येऊन बसा म्हणावं."

ते दिवसच वेगळे होते. फोटो कुणाकडे फारसे नसत. वर्षातून एकदा जत्रेत फोटोवाला यायचा, काळ्या कापडात डोकं घालायचा आणि ओरडायचा, "हलू नका!" लोक श्वास रोखून बसायचे. मग हाती येणारा तळहाताएवढा फोटो जन्मभर जपायचे. माणूस गेलं की घरचे तोच फोटो घेऊन चित्रकाराकडे यायचे. त्याचा एक नेम होता. फोटोत नाही, ते चित्रात घालायचं नाही.

एके दिवशी बाजारात बांगड्या भरणारी एक तरुण कासारीण त्याच्याकडे आली. बांगड्यांच्या पेटीच्या तळातून तिने एक फोटो काढला.

"काका, ही माझी आई. मी रांगत होते तेव्हाच गेली. लांबच्या नात्यातल्या आजोबांनी मला वाढवलं, पण त्यांनीही तिला कधी पाहिलं नव्हतं. एवढा एकच फोटो आहे. मला तिचं तोंड बघायचंय."

चित्रकाराने भिंग लावलं. मुलीची आईही कासारीणच, जत्रेत बसून कुणा बाईला बांगड्या भरत होती. त्या बाईचं फक्त मनगट फोटोत आलं होतं. कासारणीचे हात लख्ख दिसत होते. चेहरा मात्र हलला होता. धुरासारखा. नाक कुठे, डोळे कुठे, काही लागत नव्हतं.

नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "बघतो."

त्याने हात रंगवले. बोटांच्या पेरांवरचे घट्टे, काचेने कधीतरी कापल्याची बारीक रेघ, त्या बाईच्या मनगटावरचं गोंदण, सगळं आलं. चेहऱ्याशी मात्र कुंचला अडून बसला.

त्याची बायको म्हणाली, "अहो, एक छानसं तोंड काढून द्या की. बघितलंय कुणी तिला? आणि हे हातबित कशाला? भिंतीवर लावायला तोंडच लागतं."

त्यालाही ते पटलं. त्याने नवं कापड ताणलं आणि एक चेहरा काढला. मोठे काळे डोळे, सरळ नाक, ओठांवर मंद हसू.

"अगं बाई!" बायको म्हणाली. "आता बोलेल बघा!"

ते ऐकून चित्रकार दचकला. उद्या ती पोर या बाईला आई म्हणेल. हिला हार घालेल, हिच्यापुढे रडेल. आणि ही तर कुणीच नाही. त्याने फडकं घेतलं आणि ओला रंग पुसून टाकला. मग पहिलंच चित्र पुढे ओढून हललेला चेहरा हललेलाच रंगवला, तेवढ्याच निगुतीने.

मुलगी आली. चित्राजवळ जाऊन वाकली.

"काका, तोंड तेवढं राहिलं."

"राहिलं नाही, बाळ. मला ते ठाऊक नाही."

तिने डोळे पुसले. "मग राहू द्या इथंच," म्हणाली आणि गेली.

"घ्या! पोरीला रिकाम्या हातानं पाठवलंत," बायको म्हणाली. चित्रकाराने चित्र ओटीवर टांगलं. त्याच्याकडे बघितलं की त्याला जेवण जाईना.

पुढे एका बाजाराच्या दिवशी, डोक्यावर शेवग्याच्या शेंगांची पाटी घेतलेली एक म्हातारी ओटीसमोर थबकली.

"अरं बाबा, माझा हात इथं कसा?"

"तुमचा?"

तिने मनगट पुढे केलं. "ही बघ माझी तुळस. गोंदणारणीनं एक पान गाळलं. तूबी गाळलंस होय!"

"फोटोत नव्हतं, आजी," चित्रकार म्हणाला, आणि चपला न घालताच बाजाराकडे धावला.

मुलगी आली, तशी म्हातारीने तिला जवळ ओढलं.

"तू झोळीत होतीस गं. फोटोवाला म्हणाला हलू नका, अन् तू भोकाड पसरलंस. बांगडी माझ्या सांध्यावर अडलेली. तुझ्या आईचा हात हलला असता तर काच माझ्या हातात घुसली असती. म्हणून हात तसाच धरला तिनं, अन् मान तेवढी गर्रकन् तुझ्याकडं वळवली. फोटोवाला असा चिडला! तुझी आई म्हणाली, 'फोटो गेला चुलीत, माझी पोर रडतीय.'"

"दिसायला कशी होती?"

"घारी. पुढचे दात जरासे वर. हसली की तोंडावर हात घ्यायची. हनुवटी हीच, तुझी."

चित्रकाराला पुसून टाकलेले ते मोठे काळे डोळे आठवले. तो हळूच म्हणाला, "आजी सांगतायत तसं काढू का आता तोंड?"

मुलगी चित्रापुढून हलली नव्हती. "नको काका. असंच असू द्या. ती माझ्याकडे वळतीय."

म्हातारीने पाटी खाली ठेवली. "बांगड्या भरून झाल्या की कासारणीला नमस्कार करायचा असतो. त्या दिवशी शेवटची बांगडी चढली अन् ती तशीच उठून तुझ्याकडं पळाली. माझा नमस्कार राहिलाच बघ."

असं म्हणून ती चित्रातल्या हातांपुढे वाकली.

तात्पर्य: जे आपल्याला ठाऊक नाही, तिथे गोड खोटं भरू नये. जागा मोकळी ठेवली, तर खरं सांगणारं माणूस कधीतरी तिथे येऊन थांबतं.