गौराक्काची चिमूट

“गौराक्का बाहेर का बसलीय?”

बाळगीरबुवांनी विचारलं आणि धुनीभोवतीची बोलणी थांबली.

आबासाहेब शिंत्र्यांनी मान वर केली नाही. ते आपल्या पितळी डब्यातला तंबाखू बोटांनी मोकळा करत होते.

“आबा, तुला विचारतोय.”

“मीच सांगितलंय तिला, बुवा. आत यायचं तर रिकाम्या हातानं ये म्हणून.”

“का?”

“तिचा तंबाखू ओढायच्या लायकीचा नाही.”

वेदगंगेच्या काठच्या त्या मठात दर गुरुवारी दुपारी माणसं जमत. धुनीजवळ एक लाकडी काठवट ठेवलेली असे. येणाऱ्यानं आपल्याजवळच्या तंबाखूची एक चिमूट तिच्यात टाकायची. सगळ्यांच्या चिमटी एकत्र कालवायच्या आणि त्याचीच चिलीम भरून फिरवायची, अशी तिथली जुनी रीत. कोणाची चिमूट कसली, हे कोणी विचारत नसे.

आबासाहेब आले आणि विचारणं सुरू झालं.

त्यांची तंबाखूची वखार होती आणि पारखी म्हणून नाव मोठं होतं. एक दम ओढून पाला नदीकाठच्या मळीतला की काळ्या रानातला, हे ते सांगत. व्यापारी त्यांच्यापुढे चिलमीमागून चिलीम भरून ठेवायचे आणि ते मान डोलावतील त्या मालाचं सोनं व्हायचं. वखार मुलांवर सोपवून ते मठात येऊन राहिले होते. येत्या पौर्णिमेला बुवा त्यांना दीक्षा देणार होते. तोवर काठवट सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

त्यांनी ती सांभाळली ती अशी. आलेल्या प्रत्येकाची चिमूट हुंगायची. चांगली असेल तर काठवटीत, नसेल तर उकिरड्यावर. गृहस्थ मठात राहायला आला होता खरा, पण बसला होता वखारीतच.

गौराक्का त्यांच्याच वखारीत तंबाखू चाळायला जायची. दिवसभर उडालेली भुकटी लुगड्याच्या निऱ्यांत जाऊन बसायची. घरी आल्यावर ती लुगडं झटकायची आणि हाताला लागेल ती चिमूट पदराच्या गाठीला बांधून गुरुवारी मठात आणायची. स्वतः ओढत नसे. काठवटीत चिमूट टाकायची, बुवांच्या पाया पडायची आणि खांबाला टेकून बसायची.

गेल्या गुरुवारी बुवा परगावी होते. आबासाहेबांनी तिला गाठ सोडायला लावली. वास घेतला.

“हा आमच्याच वखारीतला केर. झाडून आणलास की चोरून?”

आणि सगळ्यांदेखत त्यांनी ती चिमूट फुंकून टाकली.

एवढी माणसं बसलेली होती. एकानंही तोंड उघडलं नाही. आबासाहेबांइतकाच मला त्या माणसांचाही राग येतो.

गौराक्का काही न बोलता उठली. पण आज गुरुवार म्हणून पुन्हा आली आणि फाटकाबाहेर दगडावर बसली.

“चोर म्हणालास तिला?” बुवांनी विचारलं. गेल्या गुरुवारचं सगळं त्यांच्या कानावर आलं होतं.

“नुसतं विचारलं.”

“मग तिचं उत्तर ऐकलंस?”

“ती काही बोललीच नाही.”

बुवांनी नजर फाटकाकडे वळवली. ते आबासाहेबांना सोसेना.

“बुवा, मला बोललात, पण माझंही ऐका. हा डबा बघा. मळीचा पाला, त्यात काळ्या रानातला कडक, वर काकवीचा हात आणि वाळा. हे मिश्रण जमवायला माझं निम्मं आयुष्य गेलं. तुमच्यासाठी आणतो, देवापुढे ठेवतो. आणि त्यात कोणीही उठून भुकटी टाकायची, ओला टाकायचा, बुरशी आलेला टाकायचा? चांगल्याची काही किंमत आहे की नाही या मठात? अशी चिलीम ओढताना मला शरम वाटते!”

त्यांचा आवाज चढला होता. खोटं ते बोलत नव्हते. त्यांचं मिश्रण खरंच उत्तम होतं.

“बरोबर आहे तुझं,” बुवा म्हणाले. “पारख तर पारख.”

त्यांनी मांडीखालून एक मळकी चंची काढली, चिमूटभर तंबाखू चिलमीत भरला आणि चिलीम आबासाहेबांच्या हातात दिली. तुकाराम गाडीवानानं चिमट्यानं धुनीतला निखारा वर ठेवला.

आबासाहेबांनी दम घेतला. डोळे मिटले. धूर जिभेवर फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

“मेलेला माल. पावसात भिजून वाळलेला. जोर नाही, वास नाही… कोणी आणला हा?”

“काय करायचं याचं?”

“करायचं काय? फेकायचा. आणि आणणाऱ्याला फाटकाबाहेर ठेवायचं.”

“माझा आहे.”



आबासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी चिलीम घाईघाईनं कपाळाला लावली.

“बुवा, तुमचा म्हटल्यावर… तो प्रसादच की. आता नीट बघितलं तर मागाहून एक गोडवा येतोय. हळू येतो, पण येतो.”

मग मात्र बुवा भडकले.

“गोडवा? आत्ता मेलेला होता ना रे? एका दमात जीभ फिरली तुझी? माझा तंबाखू फेकला असतास तर तुला पारखी म्हटलं असतं. तिची चिमूट फुंकलीस आणि माझी कपाळाला लावतोस! तू पाला बघत नाहीस, आबा. तू हात बघतोस. आणि शरम कसली वाटते म्हणालास? चिलीम ओढायची?”



बुवा उठले. खांद्यावर कांबळं टाकलं. म्हातारं शरीर, उठायला वेळ लागला, पण हात द्यायला आलेल्या तुकारामाला त्यांनी झिडकारलं.

“कुठं निघालात, बुवा?”

“नियम तूच केलास. मेलेला माल आणणारा फाटकाबाहेर.”

ते खरंच अंगण ओलांडून गेले. त्यांना येताना बघून गौराक्का धडपडत उभी राहिली.

“आवं बुवा, हितं कशाला? खाली माती हाय.”

“सरक जरा.”

ते तिच्याशेजारी दगडावर बसले आणि हात पुढे केला.

“आण.”

“काय?”

“आणलंयस ते.”

तिनं पदर मुठीत घट्ट धरला. “नगं बुवा. केरच हाय त्यो. मालक खोटं न्हाईत बोललं.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “पर चोरला न्हाई ओ. लुगड्याला बसल्याला, त्योच झटकून आणती. माझ्याकडं दुसरं काय हाय द्यायला?”

बुवांनी हात मागे घेतला नाही. शेवटी तिनं गाठ सोडली. चिमूट कसली, बोटाला लागेल एवढी भुकटी. बुवांनी ती सगळी तोंडात टाकली.

त्यांना असा ठसका लागला की गौराक्का घाबरून पाठ चोळायला लागली.

“लई तिखट हाय व्हय?”

“लई,” बुवा डोळे पुसत म्हणाले. “रोज हीच नाकात जाते तुझ्या?”

“व्हय की. मग कुटं जाणार?”

आतली माणसं हे बघत होती. पहिल्यांदा तुकाराम उठला. त्यानं आबासाहेबांच्या पायाशी पडलेल्या काठवटीकडे बघितलंही नाही. मग सुतार उठला, मग कुंभारीण आणि तिचा नवरा. मागच्या गुरुवारी गप्प बसलेले सगळे आज गप्पच उठले आणि फाटकाबाहेर मातीत जाऊन बसले. उशीर झाला होता, पण उठले.

धुनीपाशी आबासाहेब एकटे राहिले.

त्यांचाही संताप अनावर झाला होता. एवढ्या लोकांत अपमान, तोही एका चाळणारणीपायी. ठीक आहे. त्यांनी चिलमीतली बुवांच्या तंबाखूची राख झाडून टाकली, चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं फडकं, ती साफी, नवी भिजवली, डब्यातलं मिश्रण बेतानं चिलमीत भरलं. इतकी देखणी चिलीम त्या मठात कोणी कधी भरली नसेल.

मग त्यांनी ती साफीसकट दोन्ही हातांत धरून तोंडाला लावली.

चिलीम धरायला दोन्ही हात लागतात. निखारा दुसऱ्यानं ठेवायचा असतो.

आबासाहेब तसेच थांबले. धुनी हातभर अंतरावर होती. चिमटा तिथंच पडला होता. एक हात सोडला की चिलीम कलंडायची. पुन्हा धरायचे, पुन्हा सोडायचे. ओंजळीतून तंबाखू मांडीवर सांडला.

खूप वेळ गेला. बाहेर कोणी तरी काही तरी बोललं आणि गौराक्का हसली.

“बुवा…” आबासाहेबांनी हाक मारली. आवाज आता बसला होता. “बुवा, निखारा ठेवायला कोणी तरी पाठवा.”

बुवांनी मागे वळून बघितलं नाही.

“आधी चव तर सांग.”