सुरणाने खाज सोडली नाही

भाज्या एकमेकींशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. आश्विन सरत आला होता आणि हवेत गारवा जाणवू लागला होता. द्वारकाबाईंची लेक शेवंता तापातून नुकतीच उठली होती, पण अन्नाला तोंड लावत नव्हती. म्हणून द्वारकाबाईंनी चुलीवर भाज्यांचं दाट सार ठेवलं.

सुरण आधीच पातेल्यात शिजत होता. वरून लाल भोपळा पडला, तशी शेवंता अंथरुणातून वाकून म्हणाली, "आई, किती छान रंग आला गं! आज मी भोपळ्याचं सार पिणार."

सुरणाच्या अंगाचा तिळपापड झाला. "दाटपणा माझा आणि नाव याचं!" तो पुटपुटला.

द्वारकाबाईंनी सुरणाची खाज जावी म्हणून चिंचेचा कोळ घातला. एरवी सुरण तो मुकाट्याने पिऊन घेई. आज मात्र त्याने अंग आकसून घेतलं आणि खाज तशीच धरून ठेवली.

शेवंताने पहिला घोट घेतला आणि तिचा घसा खवखवायला लागला. वाटी लोटून ती खोकत, रडत म्हणाली, "नको मला भोपळा!"

"जळला मेला तो भोपळा!" म्हणत द्वारकाबाईंनी अख्खं पातेलं उकिरड्यावर उपडं केलं.

तिथे सुरण भोपळ्याला खेटूनच पडला. "झाली ना फजिती?" त्याने विचारलं.

"माझं राहू दे रे," भोपळा म्हणाला. "पोर आजही उपाशीच राहिली."

घरात शेवंता अजून खोकत होती, आणि ते उकिरड्यावर स्वच्छ ऐकू येत होतं.