मोडायचा नेम

एका घाटपायथ्याच्या गावात, जिथे डॉक्टर हा शब्द अजून पोचायचा होता, एकदा एका शिष्याने आपले बोचके बांधले. गुरूने त्याला रागावून घालवले असते, तर त्यात विशेष काही नव्हते. पण त्याला कुणीच काही म्हटले नव्हते. तो स्वतःवरच रुसला होता, आणि अशा माणसाची समजूत काढणे फार अवघड असते.

त्याचे नाव नागेश. गावातल्या वृद्ध वैद्यबुवांकडे तो सहा वर्षे वैद्यकी शिकत होता. मुळ्या ओळखायला शिकला, खलबत्ता चालवून हाताला घट्टे पडले, नाडीवर बोट ठेवायलाही शिकला. येत्या पौषात वैद्यबुवा आणि त्यांची पत्नी, जिला सारे काकू म्हणत, लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने परगावी जाणार होते. तेवढे दिवस दवाखान्याचा ओटा नागेश सांभाळील, असे वैद्यबुवांनी गावात सांगूनही टाकले होते. गावाने मान डोलावली. मान डोलली नाही ती एकट्या नागेशची.

कारण त्याच्या अंथरुणाच्या उशाशी एक फळी टांगलेली होती. तिच्यावर त्याने दसऱ्याच्या दिवशी गेरूने सात नेम लिहिले होते. इतकी मोठी जबाबदारी घ्यायची तर मनावर ताबा हवा, हा त्याचा विचार. विचार चांगलाच होता. मग एका बैठकीत त्याने स्वतःला पूर्ण पुरुष करायचे ठरवले आणि हात आखडता घेतला नाही. पहाटे शंभर सूर्यनमस्कार. ग्रंथातले दहा श्लोक रोज पाठ. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत मौन. दिवसातून एकदाच जेवण. कामाला कुणी हाक मारली तर नाही म्हणायचे नाही. हातात घेतलेले औषध अर्धवट सोडायचे नाही. आणि दारी आलेल्या रुग्णाला विन्मुख पाठवायचे नाही.

प्रत्येक नेम एकेकटा पाहिला तर सोन्यासारखा. पण ते सातही जण एकाच माणसाच्या डोक्यावर बसले होते, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आले नाही.

बोचके बांधण्याची पाळी आली ती अशी. सकाळी वैद्यबुवा शेजारच्या वाडीला गेले होते. तीन कोसांवरून एक म्हातारी चालत आली. सुनेला ताप होता. वैद्यबुवांनी दिलेली पुडी मधातून द्यायची की कोमट पाण्यातून, हे ती विसरली होती. प्रश्न एका शब्दाचा होता. पण नागेशचे मौन चालू होते. त्याने मधमाशीसारखी बोटे फिरवून दाखवली. म्हातारीला वाटले, याच्या डोक्यात भुंगा शिरलाय. त्याने धुळीत अक्षरे काढली, तर तिला अक्षरओळख नव्हती. ती रडकुंडीला आली आणि शेवटी त्याच्याच तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "कुणाची दृष्ट लागली रे बाबा तुला? चांगलं बोलत होतास की गेल्या खेपेला."

आणि हळहळत निघून गेली.

नागेश मूग गिळून बसला. थोड्या वेळाने त्याला राहवेना. तो धावत गावाबाहेर गेला आणि "आजी, मधातून, मधातून!" असे बेंबीच्या देठापासून ओरडला. पण आजी ओढ्यापलीकडे दिसेनाशी झाली होती. एका सकाळीत मौनही मोडले आणि रुग्णाकडची बाईही विन्मुख गेली. मग काय, दोन गेलेच आहेत तर तिसऱ्याने काय घोडे मारले, म्हणून त्याने काकूंनी दिलेली न्याहारीची तीन थालीपिठे लोण्यासकट खाल्ली, दुपारी पुन्हा जेवला, श्लोकांना सुट्टी दिली आणि संध्याकाळपर्यंत झोपला. उठल्यावर त्याने फळी भिंतीकडे तोंड करून फिरवली आणि बोचके बांधायला घेतले.

तो निरोप घ्यायला आला तेव्हा वैद्यबुवा ओट्यावर बसून हिरडे निवडत होते.

"गुरुजी, मी घरी जातो. मला वैद्यकी झेपायची नाही."

"का रे? पाठ दुखते?"

"माझं मन दुबळं आहे. स्वतःला दिलेला शब्द मला पाळता येत नाही, मग लोकांचे जीव कसे सांभाळणार?" आणि त्याने सकाळची सगळी हकिकत सांगितली.

वैद्यबुवांनी त्याची समजूत घातली नाही. फळी आणायला सांगितली, ती डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. काकूंना हाक मारून म्हातारीच्या गावाकडे निघालेल्या गाडीवानाबरोबर निरोप धाडायला सांगितला, की पुडी मधातून द्यावी. मग म्हणाले, "मन दुबळं असेल तर त्यावर औषध आहे. एकवीस दिवसांचं. घेशील?"

"घेईन."

"मग उद्यापासून रोज एक नेम मोडायचा."

नागेशला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"पण पथ्य कडक आहे हं. कुठला मोडणार ते सूर्य उगवायच्या आत मला येऊन सांगायचं. सांगितलास की तो मोडलाच पाहिजे, त्यात कुचराई नको. उरलेले सहा पाळायचे. एकच नेम लागोपाठ सांगितलास तरी हरकत नाही."

नेम पाळायला सांगणारे गुरू नागेशने पुष्कळ ऐकले होते. मोडायला सांगणारा हा पहिलाच. पण सहा वर्षांत या माणसाच्या औषधाने कुणाचे वाईट झालेले त्याने पाहिले नव्हते. त्याने बोचके सोडले.

पहिल्या दिवशी तो चोरासारखा येऊन म्हणाला, "आज सूर्यनमस्कार." वैद्यबुवा "बरं" म्हणाले. तो दिवस आधीच्या दिवसांसारखाच ओढाताणीत गेला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आज मौन." त्या दिवशी सकाळपासून तो ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाशी बोलला, आणि त्याच्या ध्यानात आले की निम्मा रोग माणसाच्या गप्पांतूनच कळतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा मौन, चौथ्या दिवशीही मौन. पाचव्या पहाटे वैद्यबुवांनी विचारले, "ते दुपारी का पाळत नाहीस? दुपारी आपल्या दारात कुत्रंदेखील फिरकत नाही."

नागेश बघतच राहिला. इतकी साधी गोष्ट! पण मौन म्हणजे सकाळचेच, असे त्याने फळीवर लिहिले होते ना; आणि गेरूने लिहिलेले माणसाला दगडावरचे वाटू लागते.

मग एके दिवशी त्याने सांगितले, "आज लोकांना नाही म्हणणार." हा दिवस गावाच्या बराच काळ लक्षात राहिला. सुताराची पत्रे लिहून देणे, पाटलांच्या घरी पंचांग वाचून दाखवणे, कुणाची हरवलेली म्हैस शोधायला जाणे, असली सतराशे साठ कामे नागेशच्या माथी असत. पहिले 'नाही' त्याच्या घशात एवढे अडकले की सुताराने त्याला पाणी पाजले. दुसरे जरा सोपे गेले. दिवस कलेपर्यंत त्याला त्या शब्दाची गोडी लागली, आणि काकूंनी "नागेशा, जरा अंगणातलं वाळवण आण रे" म्हणताच तो आनंदाने म्हणाला, "नाही!"

काकू कमरेवर हात ठेवून वैद्यबुवांकडे बघू लागल्या. वैद्यबुवांनी हिरडे निवडायच्या सुपात तोंड खुपसले.

त्या दिवशी नागेशचे श्लोक दहाच्या जागी पंधरा पाठ झाले. खलातले औषध दुपारीच घोटून पुरे झाले. फळीवरचा तो नेम त्याने दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसला. वाळवण मात्र त्याने तेव्हापासून न सांगता काढून ठेवले.

असे दिवस जात होते. एकदा जेवणाचा नेम मोडला, कारण दिवसभर चुलीपुढे काढा आटवायचा होता आणि उपाशीपोटी तो रुग्णांवर खेकसतो, हे त्याचे त्यालाच उमगले होते. एकदा श्लोक सोडले, एकदा खलातले औषध अर्धवट ठेवले. नवल म्हणजे, पहाटे एक मोडायचा ठरला की उरलेले सहज पाळले जात. पूर्वी एक मोडला की सगळे ढासळत. आता मोडणारा मोडे आणि बाकीचे आपापल्या जागी उभे राहत. नागेशला शांत झोप लागू लागली. तो गुणगुणू लागला.

सतराव्या पहाटे तो ओट्याशी आला आणि नुसताच उभा राहिला.

"काय, आज कुठला?"

"मौन सांगू का?"

"मौन आता दुपारी असतं. ते कशाच्या आड येत नाही, तर मोडायचं कशाला? फळी बघ. एकदाही न सांगितलेला कुठला राहिलाय?"

फळी बघायची गरजच नव्हती. नागेश खाली मान घालून म्हणाला, "रुग्णाला विन्मुख पाठवायचं नाही, हा."

"मग आज तो."

"तो कसा मोडू, गुरुजी?"

"बाकीचे मोडलेस तसाच. कुणी आलं तर म्हणायचं, आज नाही. संध्याकाळी मोकळा."

थंडीत धुके ओट्यापर्यंत आले होते. सहा वर्षांत त्याने गुरूंच्या शब्दाबाहेर पाऊल टाकले नव्हते. तरी त्याचा आवाज स्वच्छ निघाला.

"मला हे औषध नको, गुरुजी. उरलेले दिवस उरू देत. पण हा मी मोडणार नाही."

वैद्यबुवांच्या चेहऱ्यावर एवढे समाधान पसरले की नागेश गोंधळून गेला.

"बस," ते म्हणाले. "औषध संपलं. अरे, तुझं मन दुबळं मला कधीच वाटलं नाही. म्हातारी समोर रडत असताना ओठ मिटून बसतो, तो का दुबळ्या मनाचा? बळ पुष्कळ होतं. ते आपसातल्या झटापटीत खर्ची पडत होतं. तू सात नेम केलेस आणि सातांनाही सांगितलंस की तूच थोरला. दोघं दारात समोरासमोर आले तर कुणी मागं सरायचं, हे ठरवलंच नाहीस. तो निवाडा तू ऐन भांडणाच्या क्षणावर सोडलास. त्या वेळी माणूस गडबडलेला असतो, भुकेला असतो. तेव्हा निवाडा होत नाही, दोघांचीही डोकी फुटतात. म्हणून तो मी तुला पहाटे करायला लावला, डोकं थंड असताना. आणि काय सोडवतं ते बघता बघता, काय सोडवत नाही तेही तुला कळलं."

"मग बाकीचे टाकून देऊ?"

"टाकतोस कशाला? त्यांना कामाला लाव. नमस्कार घाल, म्हणजे रुग्णासाठी दोन कोस धावलास तर धाप लागणार नाही. श्लोक पाठ कर, म्हणजे ऐन वेळी आठवतील. ज्या दिवशी आडवे येतील त्या दिवशी त्यांना बाजूला बसव, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलाव. त्यात पाप नाही." मग ते उठता उठता म्हणाले, "काकू विचारत होत्या, परवा निघायचं का. निघू ना?"

नागेशने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. पुष्कळ दिवसांनी त्याला हलके वाटत होते.

वैद्यबुवा आणि काकू परगावी गेले, त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात नागेशने आवळ्याचा अवलेह, म्हणजे मऊ चाटण, करायला घेतला. सबंध वर्षाचा साठा या एका कढईत होतो. आवळ्याचा गर तुपात परतायचा, काढा आणि गुळाच्या पाकात शिजवायचा आणि शेवटच्या दोन घटका उलथने क्षणभरही थांबवायचे नाही. नेमका त्याच वेळी एक माणूस धापा टाकत आला. रानात लाकडे तोडताना भावाच्या पायाला कुऱ्हाड लागली होती. रक्त थांबत नव्हते आणि त्याला उचलून आणण्यासारखे नव्हते.

कढई एकट्याने उतरवण्यातली नव्हती. ढवळायला घरात कुणी नव्हते. नागेशने चुलीतली लाकडे ओढून बाहेर टाकली. आत निखारे फुललेले होते, त्यांचे काय होणार हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याने हळद, तूप आणि कापडाचे स्वच्छ धडपे घेतले आणि तो निघाला. वाटेत त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही, आणि विशेष म्हणजे मनाला त्याची टोचणीही लागली नाही.

माघ सरता सरता वैद्यबुवा परतले. हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि सवयीने अवलेहाची बरणी पुढे ओढली. चमचा आत जाईना. त्यांनी बरणी उलटी केली. काहीच पडले नाही.

"हे काय रे?"

"अवलेह. वरवंट्याने फोडावा लागतो."

नागेशने एक तुकडा फोडून त्यांच्या हातावर ठेवला. वैद्यबुवांनी तो तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला.

"करपलाय."

"हो. कुऱ्हाड लागलेल्या माणसाकडे जावं लागलं."

"चालतो का तो?"

"कालच या वाटेने मोळी घेऊन गेला. थोडा लंगडतो."

वैद्यबुवांनी मान डोलावली, बरणी मांडीवर घेतली आणि आणखी एका तुकड्यासाठी हात पुढे केला.