फळीवरची जागा

कुणीतरी जागा वाटताना काम पाहिलं नाही, मान पाहिला. आणि त्याची शिक्षा भलत्यांनीच भोगली.

संगणक नुकते गावोगाव पोचत होते, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या पूरचौकीत एक संगणक होता. त्यातला प्रोसेसर हिशेबाला फार चपळ. त्याच्या हाताशी कॅश नावाची चिमुकली फळी होती. बाकी सगळा माल लांबच्या कोठारात. फळीवर नदीच्या पातळीचा आकडा बसे, कारण प्रोसेसरला तो सारखा लागे.

एके दिवशी कोठारातून चौकीच्या उद्घाटनाचा फोटो आला. "ऊठ रे," तो आकड्याला म्हणाला. "तू घटकेत बदलणारा. माझ्यात साहेब आहेत."

"दादा, कुणाला ठेवू?" फळीने विचारलं.

प्रोसेसरला आपल्या वेगाचा गर्व होता. "फोटोला कशाला दुखवायचं? आकडा लागला की मागवीन कोठारातून."

त्याच आठवड्यात नदी चढली. प्रत्येक बेरजेला प्रोसेसर आकडा मागवी आणि तो येईपर्यंत हात बांधून बसे. सगळी चपळाई वाट पाहण्यातच गेली. इशारा निघाला तेव्हा खालच्या आळीत पाणी शिरलं होतं. दावणीची गुरं सोडायलाही कुणाला सवड मिळाली नव्हती.

"माझा वेग तर जराही कमी झाला नव्हता," प्रोसेसर म्हणाला.

"तसं ओरडून सांगतो मी," छपरावरचा भोंगा म्हणाला. "पण खालच्या आळीत आता ऐकायला कुणी नाही, दादा."