एक काना जास्त

भरदुपारी शेडचं दार उघडलं आणि सरपंच कौसाबाईंच्या अंगावर काटा आला. खिडक्यांना काळं कापड, वर पांढरेफटक दिवे, आणि खाली एकमेकींना खेटलेल्या हजारो कोंबड्या त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. आवाज काय तो पंख्यांचा.

"इथं रात्र होतच नाही," मालक झांबरेशेठ ऐटीत म्हणाले. "दिवे मालवले की कोंबड्या खायच्या थांबतात. दुसऱ्या शेडसाठी गावाची नाहरकत तेवढी द्या. लोक उगाच बोंब मारतात. बघा, प्रत्येकीला हक्काची जागा दिलीय!"

कौसाबाई खाली बसल्या आणि त्यांनी पायाशी उभ्या असलेल्या कोंबडीवर पदर धरला. तेवढ्याशा अंधारात तिनं मान टाकली.

"मेली की काय?" शेठ दचकले.

"झोपली."

शेजारच्या दोघी त्या सावलीत घुसल्या आणि तिथंच निजल्या. मग सगळी शेडच, जराही आवाज न करता, त्या पदराकडे सरकू लागली. शेठ भिंतीला टेकले.

"शेठ, तुमच्या बोलण्यात एक काना जास्त झाला," कौसाबाई हळूच म्हणाल्या. "यांना जागा नाही, जाग दिलीय तुम्ही. तेवढा काना काढा. आणि आमच्या नाहरकतीतला 'ना'सुद्धा."